संगणकाच्या निजेचा बंदोबस्त

चंद्रपूरच्या ऊर्जानगरातील महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. इरई धरणाचे पाणी आणि भोवतालच्या खाणींतला कोळसा यांवर अहोरात्र चालणारे हे केंद्र राज्य शासनाच्या मालकीच्या वीज केंद्रांत सर्वांत मोठे. आणि या मुलुखातून निघालेली एकदिश प्रवाहाची अतिउच्चदाब वाहिनी, ५०० किलोव्होल्टच्या दाबाने, ७५२ किलोमीटरचे अंतर ओलांडून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यास पोहोचते व पंचवीस वर्षांहून अधिक काळ दीड हजार मेगावॉटपर्यंतची वीज पश्चिमेकडे नेऊन घालीत आहे. याच केंद्राकडे पाठ करून पूर्वेस निघावे, वैनगंगा ओलांडावी, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात शिरून धानोरा, एटापल्ली किंवा भामरागडच्या वाटेस लागावे, म्हणजे विजेची दुसरी तऱ्हा दिसू लागते. सागाच्या आणि ऐनाच्या रानातून कोसच्या कोस गेलेल्या तारांवर एखादी फांदी पडली, वळवाच्या वाऱ्याने एखादा खांब वाकला, की ‘लाइन गेली’ एवढ्या दोन शब्दांत दिवसभराचा व्यवहार खोळंबतो. आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढून भामरागडचा संपर्क तुटला, तर गेलेली लाइन केव्हा परत येईल याचा अदमास लाइनमनलाही सांगता येत नाही.

या दोन्ही जिल्ह्यांत आता ग्रामपंचायतीचे कार्यालय, तलाठ्याचा साझा, वनपरिक्षेत्राची कचेरी, आश्रमशाळा, एमएस-सीआयटीचा वर्ग आणि दाखले काढून देणारे सेवा केंद्र यांपैकी एकही ठिकाण संगणकावाचून राहिलेले नाही, आणि ज्यांच्या हाती ही यंत्रे आहेत त्यांच्या तक्रारीही थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. दुपारी निजवून ठेवलेला संगणक सायंकाळी पाहावा तो अर्धवट टंकलेला ठराव गमावून कोरा उठतो; कुलूपबंद खोलीतला संगणक मध्यरात्री कोणी न सांगता जागा होतो; मिटून पिशवीत घातलेला लॅपटॉप मुक्कामी पोहोचेतो तापून निघतो व त्याची बॅटरी रिकामी झालेली असते; आणि पूर्वी यादीत दिसणारा ‘हायबरनेट’ हा पर्याय एके दिवशी नाहीसा होतो, तो कोठे गेला हे कोणास सांगता येत नाही. दुरुस्ती करणारा बहुधा ‘विंडोज नवी टाकावी लागेल’ असा निकाल देऊन मोकळा होतो. माझ्या मते या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ यंत्राच्या बिघाडात नाहीच. ही यंत्रे ज्या गृहीतावर रचली गेली आहेत ते गृहीत म्हणजे भिंतीतील वीज अखंड असते हे होय. पडघ्याच्या बाजूस ते बव्हंशी खरे ठरते, एटापल्लीच्या बाजूस ठरत नाही. म्हणून कारखान्यातून आलेली विजेच्या काटकसरीची व्यवस्था या मुलुखात जशीच्या तशी चालू देणे हाच पहिला दोष मानला पाहिजे, आणि ती व्यवस्था उलटविणे हाच पहिला उपाय.

ती कशी उलटवावी हे समजण्यासाठी संगणकाच्या निजेचे दोन प्रकार नीट ध्यानी घ्यावे लागतात. संगणक चालू असताना आपण उघडलेले कागद, खिडक्या, अर्धी वाक्ये ही सारी त्याच्या अल्पकालिक स्मृतीत, म्हणजे ‘रॅम’मध्ये, असतात. ही स्मृती अतिसूक्ष्म विद्युत्-साठ्यांची बनलेली असून ते साठे सतत झिरपत असतात. त्यामुळे तिची प्रत्येक ओळ साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घ्यावी लागते, आणि हा भरणा थांबला की तिच्यातील मजकूर थोड्याच वेळात नष्ट होतो. ‘स्लीप’ या अवस्थेत पडदा, पंखा, डिस्क, प्रोसेसर हे सर्व निजतात, परंतु या स्मृतीचा भरणा तेवढा चालू राहतो. ‘हायबरनेट’ या अवस्थेत मात्र स्मृतीतील सर्व मजकूर संक्षिप्त करून डिस्कवरील एका फाइलीत उतरविला जातो, आणि मग यंत्र खरोखरच बंद होते. जुन्या मामलेदार कचेरीचे उदाहरण घ्यावयाचे, तर पहिल्या प्रकारात कारकून मेजावरचे कागद तसेच पसरलेले ठेवून, दिवा जळता ठेवून, पहारेकरी बसवून घरी जातो. दुसऱ्या प्रकारात तो सारे कागद ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने रुमालात बांधून दफ्तरखान्यात ठेवतो आणि दिवा मालवितो. दुसऱ्या दिवशी मेज मांडावयास पहिल्यास निमिष पुरते, दुसऱ्यास थोडा वेळ लागतो. पण रात्री तेल संपले तर पहिल्याचे कागद उरत नाहीत.

निमिष आणि थोडा वेळ यांतील अंतर आता पूर्वीइतके राहिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर दोन-तीन गिगाबाइट उतरविण्यास अर्धा मिनिट सहज लागत असे. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर तेच काम काही सेकंदांत होते. अशा डिस्कचे आयुष्य वारंवार लिहिण्याने झिजते, ही भीती पुष्कळांना वाटते. रोज एकदा तीन-चार गिगाबाइट लिहिले तर वर्षाचे एक ते दीड टेराबाइट होतात, आणि साध्या डिस्कलाही त्याच्या अनेक पटींची हमी दिलेली असते. तेव्हा या भीतीने हायबरनेट टाळण्यात अर्थ नाही.

या व्यवस्थेचा थोडा पूर्वेतिहास पाहण्यासारखा आहे. १९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एपीएम’ नावाची पहिली योजना काढली. तीत संगणकास केव्हा निजवावे याचा अधिकार मुख्यतः मदरबोर्डवरील ‘बायोस’कडे होता, आणि वर चाललेल्या कामाची त्यास फारशी कल्पना नसे. डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबासह तिघांनी ‘एसीपीआय’ हे नवे प्रमाण जाहीर केले व तो अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपविला. निजेचे दर्जेही त्यात ठरले: एस-शून्य म्हणजे पूर्ण जागृती, एस-तीन म्हणजे स्लीप, एस-चार म्हणजे हायबरनेट, एस-पाच म्हणजे बंद. अधिकार वर गेला खरा, परंतु अंमलबजावणी पुन्हा खालच्याच हाती राहिली. झोपेचा हुकूम सुटला की ग्राफिक्स, नेटवर्क, ध्वनी, यूएसबी अशा प्रत्येक भागाच्या चालक-प्रणालीस, म्हणजे ‘ड्रायव्हर’ला, आपापले काम आवरून होकार द्यावा लागतो, आणि उठताना पूर्वस्थिती उभी करावी लागते, यांपैकी एकानेही कुचराई केली तर सगळी व्यवस्था अडते. संगणक ‘झोपत नाही’ किंवा ‘उठत नाही’ ही तक्रार आली म्हणजे सबंध यंत्रावर संशय घेण्यापेक्षा कोणत्या एका हिश्शाने अडथळा केला हे हुडकून काढावे, कारण तेवढी चौकशी करण्याची साधने विंडोजमध्येच ठेवलेली आहेत.

आता नाहीशा झालेल्या हायबरनेटकडे वळू. विंडोज ८ पासून हा पर्याय बहुतेक संगणकांवर मुळातच यादीत दाखविला जात नाही. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, पॉवर बटणांनी काय करावे हे ठरविणाऱ्या पानावर ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ अशा अर्थाची ओळ दाबली, की खाली हायबरनेटसमोरची चौकट मोकळी होते. तिथे खूण करावी, म्हणजे तो यादीत येतो. चौकटच दिसत नसेल तर तो यंत्रातच बंद केलेला आहे असे समजावे. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट हा व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडून त्यात इंग्रजी लिपीत ‘पॉवर’ हा शब्द व त्याला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरे, मग जागा सोडून तिरपी रेघ व लगेच ‘हायबरनेट’, पुन्हा जागा सोडून ‘ऑन’, एवढे टंकावे. तो बंद कोणी केला, असा प्रश्न येथे साहजिक आहे. उत्तर बहुधा जागेच्या टंचाईत सापडते. स्मृतीची नक्कल ज्या फाइलीत जाते ती सी ड्राइव्हच्या मुळाशी लपलेली असते व विंडोज १०-११ मध्ये ती सामान्यतः रॅमच्या ४० टक्के जागा अडविते. लहान डिस्कच्या संगणकावर जागा मोकळी करून देणारा दुरुस्तीवाला पहिला घाव तिच्यावरच घालतो. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या काळात तर ‘डिस्क क्लीनअप’ हे विंडोजचे स्वतःचेच साधन साफसफाईच्या ओघात ही फाइल काढून टाकीत असे, आणि मालकाने आपण नेमके काय केले हे न कळताच हायबरनेट गमावलेले असे. या फाइलीचा एक आखूड प्रकारही असतो, तो रॅमच्या २० टक्केच जागा घेतो. पण त्यात हायबरनेट होत नाही, केवळ पुढे सांगणार असलेला जलद आरंभ तेवढा होतो. तेव्हा चौकट येऊनही काम होत नसेल तर हा आखूडपणा तपासावा.

मेजावरच्या संगणकासाठी ‘हायब्रिड स्लीप’ अशी एक मधली तजवीज व्हिस्टापासून आहे. तीत यंत्र झोपण्यापूर्वी स्मृतीची नक्कल डिस्कवरही उतरवून ठेवते, म्हणजे वीज टिकली तर ते चटकन उठते आणि गेली तर नकलेवरून उभे राहते. आपल्याकडे डेस्कटॉपवर ही तजवीज चालू असणे अगत्याचे आहे, आणि दुपारी झोपविलेला ठराव सायंकाळी कोरा का झाला याचे उत्तर पुष्कळदा ती कोणीतरी बंद केली यातच मिळते.

लॅपटॉपची गोष्ट निराळी. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत एस-तीन ही अवस्थाच उरलेली नाही. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाची अवस्था आली आहे, जीत पडदा मिटला तरी यंत्र फोनप्रमाणे अर्धवट जागे राहते, मधून मधून निरोप घेते, अद्ययावत होते. शहरात घर ते कार्यालय एवढाच प्रवास असलेल्या माणसास ती सोयीची वाटेल. मे महिन्यात, जेव्हा चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकलेला असतो, तेव्हा आलापल्लीहून सिरोंच्याकडे निघालेल्या बसच्या टपाखाली, कपड्यांच्या घडीत गुंडाळलेले असे अर्धजागे यंत्र ठेवणे म्हणजे बॅटरीवर उघड अत्याचार करणे होय. आपले यंत्र कोणत्या जातीचे हे मघाच्याच आज्ञेपुढे तिरपी रेघ व नुसते इंग्रजी ‘ए’ हे अक्षर लिहिले असता कळते. कोणत्या अवस्था उपलब्ध आहेत व कोणत्या का नाहीत याची यादी ती आज्ञा समोर ठेवते. यादीत ‘एस-शून्य लो पॉवर आयडल’ असे दिसले, तर झाकण मिटल्यावर काय व्हावे या ठिकाणी ‘स्लीप’ काढून ‘हायबरनेट’ निवडावे, आणि हा विषय कायमचा मिटवावा. निर्मात्यांनी ही निवड चार पायऱ्या खाली का दडवून ठेवली, याचे समाधानकारक कारण मला तरी सुचत नाही.

रात्री आपोआप जागा होणारा संगणक हा भुताखेताचा विषय नसून चौकशीचा आहे. ‘लास्टवेक’ हा शब्द त्याच आज्ञेपुढे लिहिला की शेवटचे जागे होणे कोणामुळे घडले ते बहुधा सांगितले जाते, आणि ‘वेकटाइमर्स’ लिहिले की पुढे कोणी गजर लावून ठेवला आहे तेही दिसते. गजर लावणारा पुष्कळदा विंडोजचा अद्ययावतीकरणाचा विभाग असतो. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागात असे गजर बंद करण्याची सोय आहे. त्याखेरीज माउस व नेटवर्क कार्ड यांनाही संगणकास उठविण्याची मुभा असते. टेबलफॅनच्या वाऱ्याने किंवा टेबलावरून धावणाऱ्या उंदराने माउस हलला तरी ती मुभा बजावली जाते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या त्या उपकरणाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर जाऊन ती काढून घ्यावी, कळफलकाकडे तेवढी राहू द्यावी. परंतु आपल्याकडे याहून वेगळेच एक कारण वारंवार आढळते व विंडोजच्या चौकशीत ते कधीच सापडत नाही, कारण ते विंडोजच्या हाताखालचे नाही. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करावे’ अशा अर्थाचे एक कलम असते. तिथे ‘पॉवर ऑन’ असेल, तर रात्री दोन वाजता गेलेली लाइन तीन वाजता आली की पूर्ण बंद असलेला संगणकही सुरू होतो, आणि पुन्हा लाइन गेली की धाडकन बंद पडतो. एका रात्रीत हा प्रकार चारदा घडला तर डिस्कवर चारदा आघात होतो. हे कलम ‘पॉवर ऑफ’ करून ठेवावे. खोली सोडताना भिंतीतील बटण बंद करणे हा त्याहून जुना व त्याहून खात्रीचा उपाय आहेच; हायबरनेट केलेल्या संगणकाचा तो बिनदिक्कत करता येतो, स्लीप केलेल्या संगणकाचा करता येत नाही.

उलट तक्रार अशी की संगणक ठरल्या वेळी झोपतच नाही. ‘रिक्वेस्ट्स’ हा शब्द त्याच आज्ञेपुढे लिहून विचारावे, म्हणजे कोणत्या प्रोग्रामाने अथवा उपकरणाने जागे राहण्याचा अर्ज दिला आहे हे कळते: ब्राउझरमध्ये मागे पडलेला एखादा चलच्चित्राचा पत्रा, छपाईच्या रांगेत अडकलेला कागद, शेजारच्या संगणकाने उघडून ठेवलेली सामायिक फाइल. फार वेळ यावर घालविण्याचे कारण नाही. तेवढे बंद केले की प्रश्न सुटतो.

झोपलेले यंत्र उठले, पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच राहिला, तर संशयित पहिला ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तो यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आणून घालावा, आणि बायोसची नवी आवृत्ती असेल तर तीही. मात्र बायोस बदलताना लाइन जाणे हे प्राणांतिक संकट असल्याने, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असल्याखेरीज किंवा डेस्कटॉपला चांगला यूपीएस असल्याखेरीज या भानगडीत पडू नये. हायबरनेटमधून उठताना यंत्र वारंवार मधेच अडत असेल, तर साठविलेली नक्कलच बिघडली आहे असे समजावे. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवून यंत्र बंद करावे. जुन्या विंडोजमध्ये पुढील वेळी नक्कल टाकून देऊन नव्याने सुरुवात करण्याविषयी विचारणा होते, तिला होकार द्यावा. न साठविलेले काम त्यात जाते, पण यंत्र वाचते.

विंडोज ८ ने २०१२ साली आणखी एक गोंधळ निर्माण करून ठेवला आहे, त्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती अशी, की आपण ‘शट डाऊन’ दाबल्यावर आपले प्रोग्राम तेवढे बंद होतात, विंडोजचा गाभा मात्र हायबरनेट होऊन डिस्कवर जातो, आणि सकाळी तोच गाभा पुन्हा उभा राहतो. परिणाम असा होतो, की छपाईयंत्र ओळखेनासे झाले, बोटांचे ठसे घेणारे उपकरण चालेनासे झाले, म्हणून मनुष्य आठवडाभर रोज संगणक ‘बंद करून’ पाहतो आणि बिघडलेली स्थिती रोज जशीच्या तशी परत येते. कारण ती बंद झालेलीच नसते. ‘रीस्टार्ट’ने मात्र गाभा खरोखर नव्याने उठतो. टास्क मॅनेजरमधील ‘अप टाइम’ दोन-तीन आठवडे दाखवीत असेल तर हाच प्रकार आहे हे ओळखावे. ज्या संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्सही घातलेले आहे, तेथे ही युक्ती धोक्याची ठरते: विंडोज अर्धवट निजलेली असताना तिच्या डिस्कवर दुसऱ्याने लिहिणे म्हणजे दोन्ही नोंदींचा घोळ करणे, आणि म्हणूनच लिनक्स पुष्कळदा ती डिस्क लिहिण्यासाठी उघडण्यास नकार देते. त्या नकाराबद्दल लिनक्सला दोष देऊ नये. फास्ट स्टार्टअप काढून टाकावे. एसएसडी असलेल्या यंत्रावर त्याने वाचणारी पाच-सहा सेकंदे इतक्या मोलाची नाहीत.

आता यूपीएस व इन्व्हर्टर यांविषयी. सामान्य कार्यालयातील लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. कागदावर ती ८४ वॉट-तासांची भरते, परंतु भार जड असला की तिच्यातून प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी वीज निघते. त्यातही या जातीच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून मोजलेले असते, आणि त्यापुढे दर १० अंशांस ते निम्म्यावर येते असा ठोकताळा आहे. चंद्रपूरच्या पत्र्याच्या छपराखाली दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीने काय करावे अशी अपेक्षा ठेवायची? ती दोन मिनिटे ओरडते आणि बसते. म्हणून यूपीएस हे काम चालू ठेवण्याचे साधन आहे ही समजूत सोडून, ते हायबरनेटला लागणारी मिनिट-दोन मिनिटे मिळवून देणारे साधन आहे असे धरावे. पुष्कळ यूपीएसबरोबर यूएसबीची एक तार येते. ती बहुधा खोक्यातच राहते. ती संगणकास जोडली व यूपीएसचा प्रोग्राम घातला, की संगणकास लाइन गेल्याचे कळते आणि बॅटरी संपत आली म्हणजे तो आपणहून हायबरनेट होऊ शकतो. घरगुती इन्व्हर्टरवर चालणाऱ्या डेस्कटॉपला ही सोय नाही; इन्व्हर्टरची वीज आणि महावितरणची वीज यांत त्यास भेद कळत नाही, व तो शेवटच्या क्षणापर्यंत निश्चिंत असतो. तेथे मनुष्यानेच सावध राहावे, किंवा दहा मिनिटे काम न झाल्यास हायबरनेट व्हावे असे घड्याळ लावून ठेवावे.

लॅपटॉपच्या बॅटरीबाबत एक खुबीची गोष्ट आहे. बॅटरी ‘अतिकमी’ पातळीवर आली की हायबरनेट व्हावे अशी योजना बहुधा असतेच, आणि ती पातळी सामान्यतः ५ टक्के असते. नव्या बॅटरीस ते ठीक. पण जुन्या बॅटरीची टक्केवारी विश्वासास पात्र राहत नाही, ती पंधरावरून एकदम शून्यावर कोसळते आणि ५ टक्क्यांचा हुकूम बजावण्यास यंत्र शुद्धीवरच राहत नाही. प्रगत सेटिंग्जमध्ये ‘क्रिटिकल बॅटरी लेव्हल’ २० किंवा २५ वर नेऊन ठेवली, की जुन्या लॅपटॉपचे निम्मे अपघात टळतात. ‘बॅटरीरिपोर्ट’ या आज्ञेने मूळ क्षमता व आजची क्षमता यांचा ताळेबंद पाहावयास मिळतो, त्यावरून ही पातळी ठरवावी.

काटकसरीचा हिशेबही मांडून पाहू. नुसता चालू राहिलेला डेस्कटॉप पडद्यासह ५० वॉट घेतो असे धरले, तर कचेरी सुटल्यापासून उघडेपर्यंतच्या १६ तासांत पाऊण युनिटाहून थोडी अधिक वीज जाते, आणि वर्षाच्या २५० रात्रींत ती २०० युनिटांच्या घरात भरते. एक युनिट विजेसाठी आपल्याकडील औष्णिक केंद्रात पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे रात्री उगीच जागणारा एकेक संगणक वर्षाकाठी सव्वाशे-दीडशे किलो कोळसा जाळतो, आणि तो कोळसा ज्या हवेत जळतो ती हवा चंद्रपूरकरांच्याच वाट्याची असते. निजलेला डेस्कटॉप दोन-चार वॉटवर भागवितो, हायबरनेट झालेला एखाद्या वॉटवर. पडद्यावर फिरणाऱ्या चित्रांचा, म्हणजे स्क्रीनसेव्हरचा, या काटकसरीशी काहीएक संबंध नाही. तो पडदा जळताच ठेवतो.

हायबरनेट सर्व काही जतन करते, हा समज मात्र पुरा खरा नाही. ते आपल्या यंत्रातली स्थिती जतन करते. दूरच्या सर्व्हरवरील आपली हजेरी तिच्यात येत नाही. सेवा केंद्रात जातीच्या दाखल्याचा अर्धा भरलेला अर्ज उघडा ठेवून संगणक निजविला, तर उठल्यावर तो अर्ज पडद्यावर जसाच्या तसा दिसतो, पण मधल्या काळात संकेतस्थळाने आपली बैठक बरखास्त केलेली असते आणि ‘सबमिट’ दाबताच सारे पुन्हा भरावे लागते. डिजिटल सही करणाऱ्या तलाठ्याचीही तीच स्थिती. सहीचे टोकन उठल्यानंतर एकदा काढून पुन्हा लावावे लागते व पासवर्ड नव्याने द्यावा लागतो. त्याहून गंभीर प्रकार मेमरी कार्डांचा आहे. ताडोबा-अंधारीच्या जंगलात वाघांची नोंद घेणाऱ्या कॅमेऱ्यांतील कार्डे संगणकात घालून छायाचित्रे उतरवून घेतली जातात. कार्ड खाचेत असतानाच संगणक हायबरनेट झाला, कोणी ते उपसून पुन्हा कॅमेऱ्यात घातले, त्यावर नवी छायाचित्रे पडली, आणि नंतर तेच कार्ड निजलेल्या संगणकात परत लावून त्यास उठविले, तर संगणक आपल्या स्मृतीतली जुनी अनुक्रमणिका खरी मानून चालू शकतो व नव्या नोंदींवर ती लिहून टाकू शकतो. पेनड्राइव्हलाही हेच लागू आहे. तेव्हा संगणक निजविण्यापूर्वी संकेतस्थळावरचा मसुदा तेथेच जतन करावा, टोकन काढावे, आणि कार्ड किंवा पेनड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ करून खाचेबाहेर काढून ठेवावा.